‘चालत नाही’ हे उत्तर नव्हे

"ओपन सोर्सचं असंच असतं. वेळ घालवू नका, दुसरा प्रोजेक्ट घ्या."

हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणून आजचा हा लेख. रविवार आहे, ऑफिसचा फोन नाही, आणि बऱ्याच दिवसांनी तावातावाने काहीतरी लिहावंसं वाटतंय. तेव्हा मंडळी, जरा सांभाळून घ्या.

तर झालं असं. होळीला जोडून चार दिवस सुट्टी टाकली आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने घरी वरठीला आलो. (ज्यांना वरठी माहीत नाही त्यांच्यासाठी: भंडारा रोड नावाचं स्टेशन आहे ना, ते भंडाऱ्यात नाही, आमच्या वरठीत आहे. भंडाऱ्याला जायचं तर तिथून पुढे ऑटो करावा लागतो. स्टेशन, सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आणि धानाची शेतं, एवढ्यात आमचं गाव आटपतं.) शेजारच्या काकांची मुलगी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. रोज रेल्वेने अप-डाउन करते. मी आलोय कळल्यावर संध्याकाळी एक बॅग घेऊन हजर.

"दादा, नेटवर्क दिसूनच नाही राहिलं. दोन महिने झाले. सर म्हणते सोडून द्या."

बॅगेत होतं एक यूएसआरपी बी-२१०. म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ. पूर्वी रेडिओ म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं सर्किट. यात तसं नाही. हवेतला सिग्नल आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला द्यायचा, बाकी सगळं कॉम्प्युटर करणार. उलट दिशेनेही तसंच. या यंत्रावर ऑस्मोकॉमचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर चढवलं की मोबाईलचं एक छोटं बेस स्टेशन तयार होतं. म्हणजे आपला स्वतःचा, टेबलावर मावणारा टू-जी टॉवर! कॉलेजने हे यंत्र कुठल्याशा अनुदानातून घेतलं होतं आणि ते पाच वर्षं कपाटात कुलूपबंद होतं. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी भांडून ते बाहेर काढलं. आता ते चालत नाही म्हणून सरांनी वरचं वाक्य ऐकवलं. आणि ‘दुसरा प्रोजेक्ट घ्या’ याचा अर्थ नागपुरात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: बाजारात जा, हजारो रुपये मोजा, रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट घरी आणा.

माझं भांडण या वाक्याशी आहे. सरांशी नाही. सरांकडे डझनभर ग्रुप असतात, वर तपासणी समित्यांच्या फायली भरायच्या असतात. पण ‘चालत नाही’ हे निदान नव्हे. पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलो आणि ते म्हणाले, "पोटाचं असंच असतं, दुसरं पोट घ्या," तर चालेल का?

बरं, हे सॉफ्टवेअर खरंच कुचकामी आहे का? डेव्हिड बर्जेस आणि हरविंद सामरा यांनी अशाच सॉफ्टवेअर रेडिओवर ओपनबीटीएस नावाचं बेस स्टेशन लिहिलं आणि २००८ साली अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात, बर्निंग मॅनच्या जत्रेत, धुळीत आणि उन्हात चालवून दाखवलं. २०१० मध्ये ते पॅसिफिक महासागरातल्या निउए नावाच्या इवल्याशा बेटावर बसलं. २०१३ मध्ये मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या तालेआ दे कास्त्रो या डोंगरी गावाने, मोठ्या कंपन्या येत नाहीत म्हणून, याच जातीच्या यंत्रावर गावाचं नेटवर्क सुरू केलं. २०१६ मध्ये तिथल्या आदिवासी गावांच्या संस्थेला सरकारने रीतसर परवानाही दिला. नेवाडाच्या धुळीत चालतं, मेक्सिकोच्या डोंगरात चालतं, आणि नागपूरच्या पंख्याखाली चालत नाही? मग दोष कुठे आहे ते बघायला नको?

बघितलं. चार दिवस बघितलं. काय सापडलं ते सविस्तर सांगतो, कारण माझा मुद्दा त्यातच आहे.

पहिला दोष. लॉगमध्ये सारखी अक्षरं पडत होती: यू, यू, यू, मध्येच एल. पोरींनी त्याकडे ‘कचरा’ म्हणून दुर्लक्ष केलेलं. तो कचरा नाही हो, ते यंत्राचं रडणं आहे! यू म्हणजे पाठवायला डेटाच वेळेवर आला नाही. एल म्हणजे आला, पण उशिरा आला. तिचं म्हणणं, "लॅपटॉपचं यूएसबी स्लो असन." म्हटलं, चल, हिशोब करू. जीएसएमचा वेग सेकंदाला २,७०,८३३ सिम्बॉल. प्रत्येक सिम्बॉलचे चार नमुने धरले तर साधारण १०.८ लाख नमुने. एक नमुना चार बाइटचा. म्हणजे सेकंदाला सव्वाचार एमबीच्या आसपास. जुनं यूएसबी टू सुद्धा याच्या कितीतरी पट वाहून नेतं. म्हणजे जागेचा प्रश्नच नाही. मग?

प्रश्न वेळेचा. जीएसएममध्ये ४.६ मिलिसेकंदांची एक फ्रेम, तिचे आठ भाग, प्रत्येक भाग ५७७ मायक्रोसेकंदांचा. तुमचा भाग आला की तुम्ही बोललंच पाहिजे. आणि पोरींनी हे सगळं बसवलं होतं विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये! तिथे विंडोजला दुसरं काम आठवलं की हे महाशय पाच-दहा मिलिसेकंद ताटकळत उभे. तिला म्हटलं, तुझी रोजची गाडी आठव. डब्यात जागा आहे, पण तू प्लॅटफॉर्मवर अर्धा मिनिट उशिरा आलीस तर जागेचा काय उपयोग? ती हसली, आणि रात्री पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सरळ लिनक्समध्ये सुरू केला. घरी आम्ही फक्त ऐकण्याची बाजू तपासली. प्रक्षेपण नाही, हे नियमाने. व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘ओ’चा पाऊस, म्हणजे आलेला डेटा उचलायला कुणी नाही. लिनक्समध्ये अर्धा तास चालवलं, एकही ‘ओ’ नाही.

मग आता चालायला हवं ना? नाही! तसंच, ढिम्म.

दुसरा दोष, घड्याळ. जीएसएमच्या बेस स्टेशनची फ्रिक्वेन्सी दहा लाखांत ०.०५ भागापर्यंत अचूक लागते. या यंत्राच्या आतल्या क्रिस्टलची हमी आहे दहा लाखांत २ भागांची, आणि ती माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेली आहे. आकडे कोरडे वाटतात, म्हणून असं बघा. पहिलं घड्याळ वर्षाला दीड सेकंद चुकतं, दुसरं वर्षाला एक मिनिट. वर्षात एकच मिनिट चुकणारं मनगटी घड्याळ कुणी दिलं तर आपण त्याला हार घालू. पण ९४५ मेगाहर्ट्‌झवर २ भाग म्हणजे १८९० हर्ट्‌झची चूक, आणि परवानगी आहे ४७ हर्ट्‌झची. चाळीस पट!

हे मोजायचं कसं? लाखाचं उपकरण लागतं? नाही. भारतात टू-जी अजून चालू आहे आणि प्रत्येक खरा टॉवर आपल्या फ्रिक्वेन्सीची खूण म्हणून, मधल्या रेषेपासून ६७.७ किलोहर्ट्‌झ वर, ठरावीक काळाने एक शुद्ध सूर सोडतो. कॅलिब्रेट नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर तो सूर ऐकतं आणि तुमचं घड्याळ किती चुकतंय ते सांगतं. कुणाचं बोलणं ऐकायचं नाही, काही नाही. फक्त कंपनीच्या महागड्या घड्याळाला आपलं घड्याळ लावून बघायचं, जसं आजोबा रेडिओच्या पिप-पिपला लावायचे. आमच्या छपरीत सकाळी मोजलं तर चूक १.४ भाग. दुपारी पत्रा तापल्यावर मोजलं तर १.९. ती म्हणाली, "म्हणजे सकाळचं माप दुपारी खोटं?" अगदी बरोबर! विदर्भात बसून हे कळलं नाही तर कुठे कळणार? उपाय दोन: दर वेळी मोजून फरक वजा करा, नाहीतर जीपीएसकडून १० मेगाहर्ट्‌झचा संदर्भ घ्या. आम्ही पहिला घेतला, कारण तो फुकट होता.

हे काही परदेशी ज्ञान नाही हं. आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ती महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. त्या सगळ्यांना मिळून एकच दुर्बीण व्हायचं असेल तर सगळ्यांनी एकाच घड्याळाचं ऐकावं लागतं. म्हणून मधून प्रत्येक अँटेनापर्यंत ऑप्टिकल फायबरने संदर्भ पोहोचवलेला आहे. शाळेच्या सहलीत आपण तिथे ‘वा, केवढी मोठी छत्री!’ म्हणून परत येतो. घड्याळाची गोष्ट कुणी सांगत नाही.

तिसरा दोष कॉलेजातला. धुळवडीनंतर तिच्याबरोबर नागपूरला गेलो. इथे एक गोष्ट नमूद करायलाच हवी. प्रयोगाच्या परवान्याचं काम या पोरींनी डिसेंबरमध्येच कॉलेजच्या नावाने सरल संचार पोर्टलवरून करून घेतलं होतं, बंद पेटीतल्या, हवेत न सोडण्याच्या प्रकारातलं. ज्या ‘कायद्याच्या भानगडी’च्या नावाने सगळे घाबरवतात ती भानगड तीन विद्यार्थिनींनी आधीच निस्तरली होती! तर ती पेटी. पत्र्याचा रंगवलेला डबा, झाकण कडीचं. मी म्हटलं, माझा फोन आत ठेव आणि त्यावर कॉल कर. केला.

आतून रिंग वाजली!

सगळे हसले, पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बाहेरचं आत येतं म्हणजे आतलंही बाहेर जातं, आणि ते गुन्ह्यात मोडतं. शिवाय फोन आतमध्ये बाहेरच्या खऱ्या टॉवरला चिकटतो, त्याच्या घड्याळाला आपलं घड्याळ जुळवून घेतो, आणि मग आपला चुकीच्या फ्रिक्वेन्सीचा बिचारा टॉवर त्याला ऐकूच येत नाही. कारण काय, तर झाकणाच्या कडेला रंग. रंग वीज वाहू देत नाही. पत्र्याला पत्रा टेकलाच नव्हता. पॉलिश पेपरने कड घासली, तांब्याची चिकटपट्टी लावली. पुन्हा कॉल: ‘आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती...’ एवढं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

चौथा दोष, सिम. आत ठेवलेल्या फोनमध्ये साधं दुकानातलं सिम होतं. आपलं नेटवर्क प्रयोगाच्या ००१-०१ या क्रमांकाचं. ते सिम आपणहून तिथे कशाला जाईल? तुम्ही शेजाऱ्याच्या घरात आपणहून जेवायला बसता का? हवा तो क्रमांक लिहिता येणारी दोन सिमं मी पुण्याहून कुरियरने मागवली. ती आल्यावर, मी परत गेल्यानंतरच्या शनिवारी, व्हिडिओ कॉलवर पोरींनी पेटी बंद केली, घड्याळ मोजून फरक वजा केला, नेटवर्क सुरू केलं. लॉगमध्ये फोनने नोंदणीसाठी हाक मारल्याची ओळ आली. मग मंजूर झाल्याची. मग एका फोनकडून दुसऱ्याकडे मेसेज. पलीकडे तिघी अशा ओरडल्या की माझ्या घरमालकाने दार वाजवलं.

आता मुद्द्याचं. दोष एक नव्हता, चार होते. आणि चार दोष एकाच वेळी असले की यातला कुठलाही एक दुरुस्त करा, समोर काहीही फरक दिसत नाही. तेच ढिम्म! मग माणूस काय करतो? बरोबर केलेली दुरुस्ती उलटवतो, सगळं पुन्हा इन्स्टॉल करतो, आणि शेवटी म्हणतो ‘ओपन सोर्सचं असंच असतं’. पोरींनी जानेवारीत एकदा लिनक्स थेट लावून पाहिलं होतं, ‘फरक नाही’ म्हणून परत व्हर्च्युअल मशीनवर आल्या होत्या! यातून सुटायचा मार्ग एकच, प्रत्येक थर वेगळा मोजायचा. डेटा वेळेवर येतो का? आकडा सांग. घड्याळ किती चुकतं? आकडा सांग. डबा गळतो का? कॉल करून दाखव. ‘नेटवर्क दिसतं का’ हा शेवटचा प्रश्न आहे, पहिला नाही. आणि हे चार वर्षांत एकाही विषयात कुणी शिकवलं नाही. मलाही नव्हतं शिकवलं. मी नोकरीत, रात्री तीन वाजता सर्व्हर पडल्यावर शिव्या खात शिकलो.

तुम्ही म्हणाल, कशाला एवढा आटापिटा? तयार डबा मिळतो, प्लग लावला की चालू. मान्य. भंडारा जिल्ह्याचं नेटवर्क लॅपटॉपवर चालवा असं मी म्हणत नाहीये. ओपन सोर्सची माहिती दहा ठिकाणी विखुरलेली असते, हेही मान्य. टू-जीमध्ये फोन टॉवरची ओळख तपासत नाही, त्यामुळे खोटा टॉवर उभारून लोकांना फसवता येतं. म्हणून यावर कडक कायदा हवाच, आणि तो आहेही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना नेटवर्क उभारण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून तर पेटी, म्हणून तर परवाना. पण तयार डब्याचं एक आहे: तो चालतो तेव्हा काही शिकवत नाही, आणि बंद पडला की कंपनीच्या माणसाची वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही.

आणि देश म्हणून आपण कुठे चाललोय ते बघा. १९८४ मध्ये सी-डॉट निघालं आणि त्यांनी १२८ लाइनचं गावठी एक्स्चेंज बनवलं, एसीशिवाय, आपल्या धुळीत आणि उन्हात चालणारं. २७ ऑक्टोबर २०२३ ला देशभरातल्या शिक्षणसंस्थांना १०० फाइव्ह-जी लॅब जाहीर झाल्या. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी झारसुगुड्यातून देशाला अर्पण झालं. कोअर सी-डॉटचा, रेडिओ तेजसचे. अभिमान आहेच! पण स्वदेशी म्हणजे काय? डब्यावर आपला शिक्का, एवढंच? डब्यात बिघाड झाला तर तो शोधणारं माणूसही इथलंच हवं ना? ते माणूस कुठून येणार? तयार प्रोजेक्टच्या दुकानातून?

आता शेवट. तुम्हाला वाटत असेल, पोरींना पैकीच्या पैकी मार्क मिळाले असतील. छे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ॲप कुठाय?" नाही म्हटल्यावर, "मग युजरला फायदा काय?" चार दोष, त्यांची मापं, सकाळ-दुपारचा तक्ता, सगळं वहीत होतं. वही उघडलीच गेली नाही. शेजारच्या टेबलावर विकत आणलेला, एलईडी लुकलुकणारा प्रोजेक्ट होता. त्याला यांच्यापेक्षा अकरा मार्क जास्त. मला फोनवर म्हणाली, "दादा, त्यांच्यातला एक दिवा लागत नव्हता. काहून ते कोणालेच नाही माहीत."

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक, प्रोजेक्टच्या मार्कांपैकी तिसरा हिस्सा दोषांच्या वहीला द्या. काय बिघडलं, कसं मोजलं, काय ठरलं. प्रोजेक्ट चाललाच नाही तरी त्या वहीचे मार्क मिळाले पाहिजेत. ही वही दुकानात विकत मिळत नाही, कारण ती तुमच्याच टेबलावर बिघडलेल्या यंत्राची असते. दोन, कपाटं उघडा. वापरून बिघडलेलं यंत्र न वापरता गंजलेल्या यंत्रापेक्षा स्वस्त पडतं. तीन, ‘चालत नाही’ असं म्हणणाऱ्याला, मग तो विद्यार्थी असो की सर, पुढचा प्रश्न विचारा: "कुठपर्यंत चालतं?"

तिसऱ्याला तर ना अनुदान लागतं, ना परवाना.

असो. ते यंत्र सध्या परत कपाटात गेलंय, पण यावेळी त्याच्याबरोबर ती वहीपण ठेवलीय. पुढच्या वर्षीच्या तीन पोरांनी आत्ताच तिच्याकडे किल्ली मागितलीय म्हणे. किल्ली अर्थात सरांकडे आहे. सर, वाचत असाल तर...